धरणगावच्या आबांना

आबा, सा. न. वि. वि.

गुडघ्यामुळे तुम्ही घड्याळांचं दुकान मुलाकडे सोपवलंत आणि आपलं जळगावच्या पॅसेंजरचं अपडाऊन सुटलं. तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच कपाशीच्या भावावर येता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नातू वाचून दाखवेलच.

मी अमळनेरला चढायचो, तुम्ही धरणगावला. बुद्धिबळाच्या स्पर्धेत चौथीतल्या पोरानं मला बारा चालींत गुंडाळलं, हे मी तुम्हाला हसत हसत सांगितलं होतं. तुम्ही हसला नाहीत. ‘काळे होते का?’ एवढंच विचारलंत आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून चुंबकाचा पट काढलात. काळ्याचा एक उंट हरवलेला, त्याच्या जागी लेडीज घड्याळाचं मागचं झाकण!

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपण सी-६ (पटावरच्या घराचं नाव, अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या), प्यादं फक्त एक घर. मला तो भित्रेपणा वाटला. मग डी-५ आलं आणि कळलं की मागचं प्यादं पुढच्याला टेकू द्यायला उभं आहे. या बचावाचं नाव ‘कारोकान’, आणि ते मी महिनाभर एकाच माणसाचं नाव समजत होतो. होरेशिओ कारो आणि मार्कुस कान असे ते दोघं, आणि त्यांनी या बचावाचा अभ्यास १८८६ साली छापला, हे तुम्हीच सांगितलंत.

पण खरी गोष्ट उंटाची. आधी ई-६ केलं की वजिराकडचा पांढऱ्या घरांचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडतो, आणि मी वर्षानुवर्षं तेच करत होतो. तुम्ही अहिराणीत म्हणालात, ‘दार लावाना पहिले उंट बाहेर काढ, भो.’ पांढऱ्यानं ई-५ रेटलं तर उंट एफ-५ वर, मगच ई-६. त्यानं घोडा काढला तर डी-५ च्या प्याद्यानं ई-४ मारायचं, घोड्यानं ते परत घेतलं की उंट एफ-५ वर. घोडा जी-३ वर येऊन हुसकावतो, उंट जी-६ ला बसतो. मग पांढरा एच-४ करतो. तिथे मी एकदा निवांत घोडा डी-७ ला नेला, एच-५ झालं आणि उंट गेला. त्यानंतर एच-६ विसरलो नाही.

पाळधी यायच्या आत झालेली मातही आठवते. उंट काढायच्या ऐवजी मी घोडा डी-७ ला ठेवला, तुम्ही वजीर ई-२ वर आणलात, मी दुसरा घोडा एफ-६ ला काढला. सहाव्या चालीला तुमचा घोडा डी-६ वर, शह आणि मात! ई-७ चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नव्हतं, ते हललं की समोरच्या वजिराचा राजाला शह बसला असता. माझा चेहरा पाहून तुम्ही ११ मे १९९७ चा डाव मांडलात. डीप ब्लू संगणकापुढे जगज्जेत्या कास्पारोव्हनं हाच बचाव घेतला, सातव्या चालीला एच-६ केलं, समोरून घोड्याचा बळी आला आणि १९ चालींत डाव सोडला. तेव्हा कुठे माझी लाज जरा उतरली.

एक तक्रार आहेच. पुढे सी-५ करावं लागतं, म्हणजे एकाच प्याद्याला दोन चाली. हा उशीर मला अजून खुपतो. तुम्ही म्हणायचे, पॅसेंजर उशिरा येते पण जळगावला पोचते. आबा, नेहमी नाही पोचत.

परवा तोच पोरगा समोर आला, आता सहावीत आहे. काळ्यांनी बरोबरी केली. जिंकलो नाही, पण ५२ चाली टिकलो.

पट माझ्याकडेच राहिलाय. रविवारी भरताची वांगी घेऊन येतो. पांढरे तुम्ही घ्या.

तुमचा,
अमळनेरवाला