नागपूरच्या उन्हाचा आणि प्लगच्या नंबराचा संबंध काय?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. टायरच्या हवेपर्यंत ठीक होतं. पुढे लेखकमहाशय सांगतात की नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो, म्हणून इथल्या लोकांनी स्पार्क प्लग (सिलिंडरात ठिणगी पाडणारा) बदलताना एक नंबर 'थंड' प्लग घ्यावा. वा! मग डिसेंबरात गरम प्लग, आणि चिखलदऱ्याला जाताना डिकीत दोन्ही सेट ठेवायचे काय?

सिलिंडरात पेट्रोल जळतं तेव्हा आतलं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. बाहेर ४५ आहे की १५, याचं प्लगला काय सोयरसुतक? इंजिनाचं पाणीसुद्धा थर्मोस्टॅट मे असो की जानेवारी, ९० अंशांच्या आसपासच ठेवतो. प्लग थंड की गरम, हे तो टोकाची उष्णता हेडकडे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाकडे, किती लवकर सोडतो त्यावर ठरतं; लवकर सोडतो तो थंड. टोक साधारण ४५० ते ८५० अंशांत राहिलं पाहिजे. कमी पडलं तर काजळी जळत नाही, साचत जाते. फार चढलं तर ठिणगीची वाट न पाहताच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. कंपनी हे सगळं तपासूनच नंबर ठरवते आणि तो मॅन्युअलमध्ये छापते. ते पुस्तक ग्लोव्हबॉक्समध्ये पिशवीतून न काढता पडलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

लेखातलं 'नंबर मोठा तितका प्लग थंड' हेही अर्धवट. प्लग बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एनजीके आणि डेन्सोचं तसं आहे. बॉश आणि चॅम्पियनचं नेमकं उलट. एनजीकेचा ६ म्हणजे साधारण बॉशचा ७ आणि डेन्सोचा २०. तुमचा लेख वाचून कुणी बॉशचा मोठा नंबर मागितला, तर थंडच्या जागी गरम प्लग घेऊन घरी येईल.

मी एवढा का चिडलो ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याच्या गाडीवर हाच प्रयोग झाला. तीन सिलिंडरची टर्बो गाडी. गॅरेजवाला म्हणाला, "काका, नागपूरच्या गर्मीत कंपनीचा नंबर नाही चालत, एक नंबर थंडा टाकून देतो ना!" एवढ्यावर भागलं नाही. नव्या इरिडियम प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, त्याला कमी वाटला, तर स्क्रूड्रायव्हर घालून वाढवायला निघाला. टर्बोत दाब जास्त असतो म्हणून गॅप मुद्दामच कमी ठेवलेला असतो. आणि प्लगच्या टोकाची इरिडियमची तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. कडक खरी, पण ठिसूळ. मी उभा होतो, बोललो. "तुमच्या जमान्यातले प्लग वेगळे होते काका," असं ऐकवण्यात आलं. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात अर्धं आयुष्य घालवलं, हे त्याला काय ठाऊक! प्लग कसताना टॉर्क रेंचचं (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) नावही निघालं नाही; हाताला लागेल तेवढं आवळलं. हेड ॲल्युमिनियमचं, आटे गेले तर खर्च कुणाचा?

पुतण्याचं घर ते ऑफिस म्हणजे सीताबर्डीची गर्दी, सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरात; थंड प्लगचं टोक काजळी जाळण्याइतकं तापणार कधी? व्हायचं तेच झालं. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर गाडी धक्के खायला लागली आणि इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. दिवा लुकलुकला की समजावं, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो भाजतोय. गॅरेजचं निदान काय, तर प्लगला वीज देणारी कॉइल गेली. नवी कॉइल बसली, बिल झालं, धक्के कायम. मग दोष २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा निघाला! शेवटी मी प्लग काढायला लावले. तिन्ही काळेकुट्ट. मॅन्युअलमधल्या नंबरचे बसवले, गाडी आजतागायत ठीक आहे. कॉइलचे पैसे मात्र परत आले नाहीत.

लेखाच्या खाली सुटे भाग विकणाऱ्या दुकानाची पाव पान जाहिरात होती. योगायोग असेल. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, वाचकांना डोळे आहेत.

आणखी एक. मागच्या पावसाळ्यात सिमेंट रस्ता घराच्या जोत्याहून उंच झाल्यानं आमच्या अंगणात पाणी शिरतं, असं सविस्तर पत्र धाडलं होतं. ते आपण चार ओळींत उरकलं, त्यातही वस्तीचं नाव चुकवलं. या पत्राला कात्री लावायचीच असेल तर चिखलदरा काढा, आयटीआय काढा. एनजीके आणि बॉशच्या नंबरांची ओळ तेवढी ठेवा.

आपला,
एक निवृत्त निदेशक, त्रिमूर्ती नगर, नागपूर