कोरिऑलिस त्वरणातली दुप्पट कुठून येते?

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला वाऱ्यांवरचा लेख वाचला. विषुववृत्ताकडची हवा पूर्वेकडचा मोठा वेग सोबत घेऊन उत्तरेला जाते, म्हणून उजवीकडे वळते, असे त्यात म्हटले आहे. व्यापारी वाऱ्यांसाठी इंग्रज हवामान-अभ्यासक हॅडलीने १७३५ मध्ये असाच युक्तिवाद केला होता. मी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवते, म्हणून आग्रहाने लिहिते: हे स्पष्टीकरण अपुरे आहे. पूर्वेकडे वाहणारा वाराही वळतो, त्याचे उत्तर यात मिळत नाही. आणि हिशेब मांडला तर कोरिऑलिस त्वरण, म्हणजे फिरत्या पृथ्वीवरून पाहताना वाऱ्याला वळवणारे त्वरण, निम्मेच निघते.

फिरत्या चकतीवर आखलेल्या त्रिज्येवरून एक गोटी एकसारख्या वेगाने बाहेर सरकते आहे असे धरा. ती केंद्रापासून लांब जाते तसा चकतीमुळे मिळणारा आडवा वेग वाढतो. हा त्वरणाचा एक भाग: कोनीय वेग (चकती फिरण्याचा वेग) गुणिले गोटीचा वेग. पण ती त्रिज्या स्वतःच फिरते आहे, म्हणजे गोटीचा बाहेरचा वेगही क्षणोक्षणी दिशा बदलतो, आणि त्यातून नेमके तेवढेच त्वरण पुन्हा येते. लेखात हा दुसरा भाग सुटला आहे. ही दुप्पट नसती, तर ध्रुवावर टांगलेल्या फुकोच्या लंबकाचे (पृथ्वीचे फिरणे दाखवणाऱ्या लांब लंबकाचे) झुलण्याचे प्रतल एका फेरीला जवळजवळ दोन दिवस घेते. खरी फेरी २३ तास ५६ मिनिटांची, कारण तिथे फिरते ती लंबकाखालची पृथ्वी.

वर्गात मी बलाच्या आधी चौकट, म्हणजे वस्तूबरोबर फिरणाऱ्या, एकमेकींशी काटकोनातल्या तीन दिशा, शिकवते. उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अंगठा एकमेकांशी काटकोनात धरा आणि हात गोल जिन्याच्या कठड्यावरून वर न्या. तर्जनी कठड्याच्या दिशेने, मधले बोट जिन्याच्या अक्षाकडे. बोटांची लांबी कायम, म्हणून प्रत्येक बोटाचा बदल त्याच्याशी काटकोनातच होतो. काटकोनही टिकायला हवेत, म्हणून तर्जनी मधल्या बोटाकडे जितकी झुकते, तितकेच मधले बोट तर्जनीपासून मागे हटते. तीन बोटांचे बदल, प्रत्येकाचे तीन दिशांतले घटक, अशा नऊ आकड्यांतले तीनच उरतात, आणि तेच कोनीय वेगाचे घटक. कठड्यावर त्यांतलाही एक शून्य होतो. उरतात वक्रता (कठडा किती वळतो) आणि पीळ (तो वळणाच्या प्रतलातून किती बाहेर पिळतो). फ्रेंच गणितज्ञ फ्रेनेने हे १८४७ मध्ये मांडले, सेरेने स्वतंत्रपणे १८५१ मध्ये, म्हणजे फुकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरचा लंबक टांगला त्याच वर्षी. पुढे दार्बू आणि कार्तां या गणितज्ञांनी ही चौकट पृष्ठभागांवर आणि त्याही पलीकडे नेली. (कठडा सरळ झाला की मधले बोट कुठे धरायचे हे ठरत नाही, तिथे गणितज्ञ बिशपने १९७५ मध्ये सुचवलेली, विनाकारण न पिळणारी चौकट सोयीची.)

यातून नियम एकच निघतो: सदिशाचा (आकार आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीचा) खरा बदल म्हणजे चौकटीत दिसणारा बदल, अधिक चौकट फिरल्यामुळे झालेला बदल. तो स्थानाला लावला की वेग मिळतो, वेगाला लावला की त्वरण. दोन्ही वेळा कोनीय वेग आणि गोटीचा वेग यांचा गुणाकार एकेकदा येतो. केंद्रोत्सारी (केंद्रापासून बाहेर ढकलणारे) पदही याच हिशेबात आपोआप मिळते, वेगळे पाठ करावे लागत नाही.

पुढच्या अंकात गोटीची आकृती दोन्ही भागांसह छापावी, ही विनंती. चौकोनभर जागा पुरेल.

आपली,
एक प्राध्यापिका