सिस्टर, एकही बांगडी वाढली नाही

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. न विचारता चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडायचं नाही, एवढं त्या मुक्कामात कळलं. जळगावच्या त्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर अमळनेर तालुक्यातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. त्यांची मी सून. एवढ्यावर ओळखाल.

सासूबाई बऱ्या आहेत. परवा नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी कडाकडा भांडल्या, त्यावरून समजून घ्या.

तुमच्यापर्यंत येण्याआधी आम्ही कुठेकुठे फिरलो हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. वर्षभर त्यांचं पोट दुखत होतं. उजवीकडे, बरगडीच्या खाली. कळ पाठीत जाऊन उजव्या फऱ्यापर्यंत चढायची, आणि बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणानंतर. हिवाळ्यात शेतात भरीत झालं की त्या रात्री घर जागं राहणार हे ठरलेलं. आपल्याकडे भरताला तेल घालताना कोणी हात आखडत नाही, आणि शेवभाजीवर बोटभर तर्री नसेल तर पाहुणा नाराज होतो. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मग जास्त ताकदीच्या गोळ्या, मग इंजेक्शन, आणि शेवटी 'आता वय झालं' हे औषध. पोटाला हात लावून पाहावं असं त्यांना कधी वाटलं नाही. उपाशीपोटी एक सोनोग्राफी करायला सांगितली असती तरी पुरे होतं, पित्ताशयातले खडे तिच्यात बहुतेक दिसतातच.

शेवटी सोनोग्राफीत खडे दिसल्यावर नातेवाइकांचे उपाय सुरू झाले. कोणी पानफुटीची पानं आणून दिली, कोणी कुळथाचं कढण. हे सगळं मुतखड्यासाठी लोक करतात. पित्ताशयातला खडा लघवीच्या वाटेवर नसतोच, मग पाणी पिऊन तो वाहून जाणार कुठे? पण घरोघरी एक आत्या असते आणि तिच्या ओळखीतल्या कोणाचा तरी खडा 'पडलेला' असतो. सासूबाईंची जीभ आंबली, खडे जागच्या जागी.

मग एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. तिथे कागद पुढे आला, 'इथे सही, इथे सही, इथे अंगठा'. त्या कागदात लिहिलं होतं की दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडून करावं लागेल. हे समजावून सांगायला कोणाला वेळ नव्हता. माझ्या सासऱ्यांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या थोरल्या भावाचं हेच ऑपरेशन फार वर्षांपूर्वी सिव्हिलमध्ये झालं होतं, बरगडीखालून आडवा लांब चिरा, कितीतरी दिवस खाटेवर. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. थोरल्या बाबांचं त्याच्या आधीचं. सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे तोच चिरा. आणि त्याच वेळी तिथल्या एका बाई सासूबाईंच्या हातांकडे बघून म्हणाल्या, "या फोडून घ्या. उद्या सकाळी हातात एकही दिसता कामा नये."

आमचे सासरे समोर उभे. त्यांच्यासमोर त्यांच्या बायकोला बांगड्या फोडायला सांगितल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, बांगडीनं कोणाचं आयुष्य वाढत-घटत नाही हे मला कळतं. पण सासूबाईंच्या मनगटावर त्या लग्नापासून आहेत, एक वाढली की दुसरी चढते, हात कधी मोकळा राहिलेला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, पिशवी घेतली आणि जिना उतरायला लागल्या. आम्ही मागोमाग. ऑपरेशन लांबलं, आणि लांबलं म्हणून मधल्या काळात एकदा अशी कळ आली की त्या अंगणात वाकून बसल्या त्या पहाटेपर्यंत.

आता तुमच्याकडची ती संध्याकाळ.

तुम्ही आधी हातांकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. सासूबाई आधीच म्हणाल्या, "मन्या बांगड्या नका फोडू व माय." आणि तुम्ही, धुळ्याकडच्या असाल, लगेच म्हणालात, "कोन फोडस तुम्हन्या बांगड्या? हात द्या इकडे." एवढ्यावर त्या अर्ध्या बऱ्या झाल्या असं मी नंतर घरी सांगितलं तर सगळे हसले, पण मी तिथे होते.

तुम्ही आधी कारण सांगितलं. एका हाताला सलाईन लागणार, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, आतमध्ये विजेच्या उपकरणानं रक्त थांबवतात म्हणून अंगावर धातू नको. भुलीत माणूस पडला की हात कुठे दबतो ते त्याला कळत नाही, काच फुटली तर तिथेच रुतते, आणि हात सुजला तर बांगडी आवळते. दोन मिनिटांचं बोलणं. सासूबाईंना सगळं पटलं. आधीच्या ठिकाणी हीच दोन मिनिटं कोणाकडे नव्हती.

मग तुम्ही स्टूल ओढून बसलात. त्यांचा हात उशीवर उंच धरायला लावलात, सूज उतरू दे म्हणून. साबणाचं पाणी आणलंत, कोणाच्या तरी डब्यातलं खोबरेल मागून आणलंत. हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवलीत, कासार चढवतो तशीच, आणि अंगठ्याचं हाड आत दाबून एक एक बांगडी सरकवत काढलीत. मधेच तुम्हाला दोनदा हाका आल्या. गेलात, काम करून परत येऊन बसलात. शेवटची, सगळ्यात जुनी, निघेना. मला वाटलं आता हिला तरी कात्री लावतील. तुम्ही सासूबाईंना त्यांच्या माहेराबद्दल विचारायला लागलात, त्या सांगण्यात रमल्या आणि ती निघाली. एकही वाढली नाही. सगळ्या मोजून सासऱ्यांच्या रुमालात बांधल्यात आणि रुमाल त्यांच्याच हातात दिलात. म्हणालात, "उद्या तुम्हीच घाला बाबा."

डॉक्टरांनी ऑपरेशन उत्तम केलं, त्यांचे आभार वेगळे मानले आहेत. पण आमच्या घरात ऑपरेशनची गोष्ट निघाली की ती बांगड्यांपासूनच सुरू होते.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण ते तुमच्या रोजचंच आहे. मात्र हे पत्र अजून कोणाच्या घरात वाचलं जाईल आणि त्यांनाही खडे निघालेले असतील, म्हणून लिहिते. पोटावर चार छोटी छिद्रं, एक बेंबीजवळ. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि कॅमेऱ्यात बघून पित्ताशय काढून घेतात. नुसते खडे काढून पिशवी ठेवत नाहीत, कारण पिशवी राहिली तर खडे पुन्हा होतात. पित्त यकृतातच तयार होतं, पित्ताशय म्हणजे फक्त पित्ताचा रांजण. रांजण गेला तरी पित्त थेट आतड्यात उतरत राहतं, त्यामुळे त्याच्यावाचून माणसाचं चालतं. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा घसा दुखतोय म्हणत होत्या. भुलीच्या वेळी श्वासनळीत नळी असते, त्याचं ते.

रात्री मात्र त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा! माझे यजमान पार घाबरले, त्यांना वाटलं हृदयाचं काही असेल. तुम्ही नाडी बघितलीत, बीपी घेतलं, डॉक्टरांना फोन केलात, आणि मगच सांगितलंत की आत राहिलेला गॅस छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो आणि त्याची कळ खांद्यात लागते, एक-दोन दिवसांत जाते. "घाबरायचं काही नाही" हे वाक्य सगळेच बोलतात. तुम्ही तपासून मग बोललात. नंतर त्यांना उठवून दंडाला धरून कॉरिडॉरमध्ये चालवलंत. चालल्यावर गॅस लवकर मोकळा होतो, पायात रक्ताची गुठळीही होत नाही. आमच्या घरात ऑपरेशनचा माणूस म्हणजे हलवायचा नाही अशी समजूत. आत्याबाई फोनवर रागावल्या, "चालवतात काय तिला?" चालवलं, आणि पहाटे सासूबाईंनी चहा मागितला.

घरी आल्यावर तुमची चिठ्ठी फ्रीजवर लावली. ताप, थंडी, वाढत जाणारं पोटदुखणं, उलटी न थांबणं, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, टाक्यातून पू येणं, यातलं काही झालं तर रात्र बघायची नाही, फोन करायचा. यातलं काही झालं नाही. काही दिवस त्यांना शौचाला पातळ होत होतं, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर. तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून कोणी हबकलं नाही. पहिले काही आठवडे तेल कमी आणि थोडं थोडं पण जास्त वेळा खायचं. मुगाची खिचडी, भाकरी, दुधीची भाजी. वरचं कच्चं तेल नसलेल्या खिचडीला सासूबाई खिचडी म्हणायला तयार नव्हत्या, तरी खाल्ली. गावात मात्र बातमी होती की आता यांचं तेल-तूप जन्मभर बंद. चार बायका सांत्वनाला येऊन गेल्या. सासूबाईंनी त्यांना तुमचा हवाला दिला, "सिस्टरनी सांगितलंय, हळूहळू सगळं खायचं." वजन उचलायला मात्र डॉक्टरांनी महिनाभर मनाई केली होती. कापूस वेचणीचे दिवस, गाठोडी समोर, आणि ही बाई नुसती बांधावर बसून सगळ्यांना सूचना देतेय. तिला ऑपरेशनपेक्षा हे जड गेलं.

सिस्टर, चांगुलपणाला फार वेळ लागतो असं लोक सांगतात. आधीच्या ठिकाणच्या बाईंनाही गर्दी होती, तुम्हालाही गर्दीच होती. त्यांचा पगार तुमच्यापेक्षा कमी असेल असंही नाही. मोठी इमारत, थंड हॉल आणि काउंटरवरची फुलं यांनी पेशंट बरा होत असता तर आम्ही तिथून जिना उतरलोच नसतो. बस कंडक्टर असो, तलाठी असो की दवाखान्यातल्या बाई, समोरच्या म्हाताऱ्या माणसाला 'तू कोणीतरी आहेस' असं वाटू देणं हे कुठल्याच नोकरीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. ज्याला करायचं तो करतो. आमचे सासरे फार बोलत नाहीत. परवा ते म्हणाले, "त्या पोरीनं हात धरला तशी आपली माणसंबी धरत नाहीत." हे तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं.

सोबत एसटीच्या पार्सलनं बिबडे पाठवते आहे, घरच्या ज्वारीचे, सासूबाईंनी स्वतः थापलेले. डॉक्टरांची परवानगी घेऊनच थापले, चिडू नका. त्यांचा निरोप आहे की तळून खायचे नाहीत, निखाऱ्यावर भाजून खायचे, नाहीतर तुमच्याही पोटात खडे होतील. खड्यांचं शास्त्र त्यांनी आता स्वतःच्या हाती घेतलं आहे, मी सुधारायला गेले नाही. तुमची बदली झाली असेल तर पार्सल तिथल्या मावशींनी ठेवून घ्यावं आणि सगळ्यांनी वाटून खावं.

तुमची,
कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींची सून