पंखे बंद ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आपल्या सभागृहात नोव्हेंबर ते मार्च या काळात, दर महिन्याच्या एका रविवारी, पाश्चात्त्य चेंबर संगीताचे जे पाच कार्यक्रम झाले, त्यांचा हिशेब मागच्या आठवड्यात पूर्ण झाला. मानधन, रेल्वेची तिकिटे, सभागृहाचे भाडे, पत्रिकांची छपाई या सगळ्यांच्या पावत्या फाइलला लागल्या, तेव्हा लक्षात आले की ज्या कामामुळे हे कार्यक्रम ऐकण्याजोगे झाले, त्या कामाची एकही पावती त्या फाइलमध्ये नाही. शेवटच्या कार्यक्रमानंतर सर्वांसमक्ष आपले आभार मानावेत असे आम्ही ठरवले होते, परंतु त्या वेळी आपण कलावंतांची वाद्ये गाडीत नीट ठेवली जात आहेत की नाही हे पाहायला बाहेर गेला होतात. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे की, त्या पाच रविवारी तिथे बसलेल्या श्रोत्यांनाही कळावे की त्यांना लाभलेली शांतता आपोआप आलेली नव्हती.

पोळ्याच्या आधी आम्ही चौघे जण आपल्याकडे प्रथम आलो, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरी महिन्यातून एकदा जमून ध्वनिमुद्रणे ऐकणारा आमचा लहानसा गट, आणि हे संगीत आपल्या गावात प्रत्यक्ष वाजले पाहिजे एवढीच आमची इच्छा. त्याआधी दोन ठिकाणी आम्हाला नकार मिळाला होता. एका ठिकाणी तर माइक आणि स्पीकर लावायचे नाहीत हे ऐकल्यावर, मग कार्यक्रम कसला, असे विचारले गेले. आपणही तोच प्रश्न विचारलात, पण वेगळ्या हेतूने. "माइक नाही म्हणता, तर मागच्याले काय ऐकू येईल?" एवढे म्हणून आपण उठलात, रिकाम्या सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवलीत, मग रंगमंचावर जाऊन दुसरी, मग लांबच्या भिंतीला पाठ लावून तिसरी. तिसऱ्या टाळीनंतर क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "इथं बसवू जी त्यांना. वर नको."

आम्ही ज्या गोष्टीची महिनाभर चर्चा करत होतो ती आपण तीन टाळ्यांत सोडवलीत. चेंबर या शब्दाचा मूळ अर्थच खोली. हे संगीत मोठ्या रंगमंचासाठी नव्हे, तर दिवाणखान्यात बसून वाजवण्यासाठी निर्माण झाले. प्रत्येक वाद्याची ओळ एकच वादक वाजवतो, हाताने इशारे करणारा संचालक नसतो, आणि वादक एकमेकांच्या श्वासावर व नजरेवर चालतात. आपल्या बैठकीची रचनाही याच विचाराची असते. आपण कलावंतांना रंगमंचावरून खाली आणलेत, भिंतीशी बसवलेत, तीन बाजूंनी खुर्च्या मांडल्यात आणि पुढे सतरंजी अंथरलीत. पहिल्याच दिवशी सतरंजीवर बसलेल्या एका मुलीला व्हायोलिनच्या तारेवर घासणाऱ्या धनुष्याची सरसर ऐकू आली, आणि ते तिने मध्यंतरात वादकांना सांगितले. वीस फूट उंचीवर टांगलेल्या स्पीकरमधून ती सरसर कधीही ऐकू आली नसती.

तारखांच्या बाबतीत तर आपण आमच्यावर मोठेच उपकार केलेत. आम्ही कलावंतांच्या सोयीने रविवार निवडून आणले होते. आपण खिशातून चष्मा काढलात, भिंतीवरचे कॅलेंडर खाली घेतलेत आणि आमच्या यादीतल्या दोन तारखांवर बोट ठेवून सांगितलेत की या दिवशी लग्नाचे मुहूर्त आहेत, शेजारच्या मंगल कार्यालयात वरात येणार, आणि बँडपुढे चार तारवाद्यांचे काहीही चालणार नाही. मग आपणच सुचवलेत की पहिला कार्यक्रम तुळशीच्या लग्नाआधी उरकावा आणि पुढचे दोन धनुर्मासात घ्यावेत, कारण त्या महिन्यात लग्ने लागत नाहीत. हेडन आणि मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचनांच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक पंचांगावरून ठरले, याचे मुंबईहून आलेल्या कलावंतांना फार कौतुक वाटले. फेब्रुवारीतल्या रविवारी मुहूर्त टाळता आला नाही, तेव्हा आपण आदल्या दिवशी स्वतः मंगल कार्यालयात जाऊन वरात निघण्याची वेळ विचारून आलात आणि त्याप्रमाणे आमचे मध्यंतर पंधरा मिनिटे पुढे सरकवलेत. ती वरात बरोबर मध्यंतरात गेली.

आता त्या ट्यूबलाइटविषयी लिहिते, कारण ही गोष्ट बहुतेक श्रोत्यांना माहीतच नाही. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालीम सुरू असताना चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचे मोठे, खर्जातले वाद्य, वाजवणाऱ्या बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या की खोलीत कुठेतरी एक सूर सतत लागलेला आहे, तो त्यांच्या तारेच्या किंचित वर आहे आणि त्यामुळे तार लावता येत नाही. आम्हाला कोणालाच काही ऐकू येत नव्हते. आपण आधी सगळे पंखे बंद केलेत, मग बाहेरचा पाण्याचा कुलर, मग एकेक दिवा. चौथी ट्यूब विझताच बाईंनी मान हलवली. त्या ट्यूबच्या जुन्या चोकची ती गुणगुण होती. नंतर मी हिशेब मांडून पाहिला, तेव्हा त्या बाईंच्या कानाला मनोमन नमस्कार केला. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते, त्यामुळे असा चोक 100 हर्ट्झला गुणगुणतो, आणि चेलोची ‘जी’ (G) नावाची तार 98 हर्ट्झला लागते. हे दोन सूर एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि वादकाला वाटत राहते की आपलीच तार उतरली आहे. आपण हे गणित न मांडता शिडी मागवलीत, ती पट्टी उतरवलीत, आणि पुढच्या कार्यक्रमाच्या आत सभागृहातले तसले सगळे चोक बदलून घेतलेत. त्याचा खर्च आम्ही विचारला तेव्हा, ते सभागृहाचेच काम होते, असे आपले उत्तर होते.

पंख्यांवरून सुरुवातीला काही श्रोते नाराज झाले होते, हेही इथे नमूद केले पाहिजे. नागपूरच्या माणसाला बंद दारे आणि बंद पंखे असलेल्या खोलीत दीड तास बसवणे सोपे नाही. आपण प्रत्येकाजवळ जाऊन, हळू आवाजात, हात जोडून सांगितलेत की वाद्यांचा आवाज लहान आहे, थोडी कळ काढा. उशिरा आलेल्या एका मान्यवरांनाही आपण दाराबाहेर खुर्ची दिलीत, पाणी दिलेत आणि चालू भाग संपेपर्यंत आत सोडले नाहीत. त्यांनी ते मानले. अशा वेळी आयोजकांची जी घालमेल होते ती आमची झाली नाही, कारण दारापाशी आपण होतात.

त्या पहिल्या संध्याकाळी हेडनची 1797 मधली, चार तारवाद्यांची रचना झाली. तिच्या दुसऱ्या भागात एकच धून पाच वेळा येते. प्रथम पहिले व्हायोलिन ती मांडते, मग ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते, मग चेलोकडे, मग व्हायोलाकडे (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) आणि शेवटी पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे येते. धून स्वतः बदलत नाही, तिच्याभोवती इतर तिघे काय करतात ते बदलत जाते. जर्मनीचे आजचे राष्ट्रगीत याच चालीवर आहे. धून चेलोकडे गेली तेव्हा सभागृहात जी शांतता होती, ती मी माइकच्या कार्यक्रमात कधी अनुभवलेली नाही. शेवटच्या रांगेतल्या आजोबांनी पुढे झुकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. आपण विजेच्या बटणांपाशी उभे होतात आणि आपलेही डोळे मिटलेले होते.

जानेवारीत पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांचा कार्यक्रम होता. सदरमधल्या एका कुटुंबाने त्यांचा उभा पियानो मोठ्या मनाने दिला, त्यांचे आभार आम्ही वेगळे मानले आहेत. परंतु तो चार दिवस आधी आणवून घ्यावा, आल्या आल्या त्याला हात लावू नये, खोलीची हवा त्याच्या लाकडाला लागू द्यावी आणि मगच सूर लावणाऱ्यांना बोलवावे, हे पियानो लावणाऱ्यांचे म्हणणे आपण अक्षरशः पाळलेत. पियानोत सुमारे 230 तारा असतात, आणि लाकूड जरासे फुगले किंवा आकसले तरी सगळ्यांचा ताण बदलतो. ते चार दिवस त्या पियानोच्या बाजूची खिडकी कोणी उघडू नये म्हणून आपण तिच्या कडीला सुतळी बांधून ठेवली होतीत.

लाकडावरून फेब्रुवारी आठवतो. आपल्याकडे थंडी ओसरली की हवा एकदम कोरडी होते, ओठ फुटतात, दारे आकसतात, आणि तारवाद्यांच्या खुंट्या सैल पडतात. तालमीत व्हायोलाची खुंटी दोनदा सुटली. वादक काळजीत होते, कारण याहून कोरड्या हवेत वाद्याच्या पाठीला चीरसुद्धा जाऊ शकते. आपण कलावंतांच्या खोलीत दुपारी दोनपासून वाळ्याच्या ताट्यांचा कुलर चालू ठेवलात, वाद्यांवर थेट झोत येऊ नये म्हणून त्याचे तोंड भिंतीकडे केलेत, कोपऱ्यात ओली पोती टाकलीत आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी सगळे बंद केलेत. संध्याकाळी खुंट्या जागच्या हलल्या नाहीत. वाळ्याचा वास वाद्यांच्या पेट्यांना लागला, तो मुंबईपर्यंत टिकला, असे त्यांनी नंतर कळवले. आम्ही घरात उन्हाळ्यासाठी जे करतो, ते वाद्यांसाठी करता येते हे आम्हाला सुचले नव्हते.

मार्चचा शेवटचा कार्यक्रम संध्याकाळी ठेवू नका, सकाळी साडेसातला ठेवा, भिंती तापायच्या आत आटोपेल, हा सल्लाही आपलाच. इतक्या सकाळी कोण येणार अशी आम्हाला भीती होती. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या आणि दुसरी सतरंजी काढावी लागली.

त्या सकाळी बेथोव्हेनची 132 क्रमांकाची रचना होती, आणि तिच्याविषयी मला आपल्याशी बोलायचे राहून गेले आहे. तिचा तिसरा भाग संपल्यावर, वादक तारा तपासत असताना, आपण माझ्या खुर्चीमागे येऊन विचारलेत, "सकाळी सकाळी यमन कसा काय जी?" मी तेव्हा फक्त मान हलवली, कारण पुढचा भाग सुरू होत होता. काका, आपण ऐकलेत ते खरे होते. 1825 च्या वसंतात बेथोव्हेन पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि त्यावर शीर्षक दिले त्याचा अर्थ असा, की बरा झालेल्या माणसाने देवतेला वाहिलेले हे पवित्र आभारगीत, लिडियन स्वरसप्तकात. हे सप्तक म्हणजे बाकी सर्व स्वर शुद्ध आणि मध्यम तीव्र, अर्थात आपला कल्याण थाट. राग म्हणून तो यमन नव्हे, त्याला यमनाची चाल नाही, पकड नाही, पण स्वर तेच आहेत. मधूनमधून हे संथ गीत थांबते आणि एक हलका, उजळ भाग येतो. तिथे त्याने लिहिले आहे की नवी शक्ती जाणवते आहे. तोपर्यंत त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, आणि त्यानंतर तो दोन वर्षेही जगला नाही.

आपण आयुष्यभर नाटकांच्या आणि गाण्यांच्या कार्यक्रमांत विंगेत उभे राहून जे ऐकलेत, त्या कानाने तो तीव्र मध्यम पकडला. ज्या शहरात वसंतराव देशपांडे यांनी लहानपणी शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, त्या शहरात असा कान विंगेतही सापडतो, याचा मला त्या सकाळी फार आनंद झाला. त्या भागाच्या शेवटी आवाज इतका बारीक होत जातो की धनुष्य तारेवर आहे की उचलले गेले, हे डोळ्यांनी पाहावे लागते. त्या क्षणी एकही पंखा, एकही ट्यूब, एकही दार वाजले नाही. झरोक्यातून फक्त कोकिळेचा आवाज आला, आणि मी वळून पाहिले तर आपण खिडकीकडे बघत होतात, जणू त्याचाही काही बंदोबस्त करता आला असता तर बरे झाले असते. तो आवाज कोणालाही खटकला नाही, हे आपल्याला आवर्जून सांगते.

त्या दिवशी ज्या भागाचे नावच आभारगीत आहे, तो आपण उभ्याने ऐकलात. पाचही कार्यक्रमांत आपण एकदाही बसला नाहीत, हे माझ्या लक्षात छायाचित्रे पाहताना आले. प्रत्येक छायाचित्रात मागे, बटणांच्या पाटीशेजारी, आपण उभे आहात.

पुढच्या हंगामासाठी आम्ही पोळ्यानंतर आपल्याकडे येऊ. या वेळी तारखा आधी ठरवून आणणार नाही, कॅलेंडर आपल्यासमोरच उघडू. नोटेशन ठेवण्याचे आमचे चार स्टँड आपल्या कपाटातच आहेत, ते तिथेच राहू द्यावेत ही विनंती. आणि बटणांच्या पाटीशेजारी एक खुर्ची ठेवण्याची परवानगी आम्हाला द्यावी. तिच्यावर दुसरे कोणी बसणार नाही, एवढे आम्ही पाहू.

आपली कृतज्ञ,
संयोजक गटाच्या वतीने, पहिल्या रांगेतली एक श्रोती
नागपूर