परदेशी सेवेला जाण्याआधी

संपादक महोदय,

माझी भाची तीन महिने केनियातल्या एका गावी स्वयंसेवक म्हणून राहून आली. सकाळी शाळेत गणित, संध्याकाळी मुलींना खो-खो. मैदानावर राखेने आखलेल्या रेघा आणि अनवाणी धावणाऱ्या पोरी, हे सांगताना तिचे डोळे भरून येतात. पण आरोग्य केंद्रात पहिल्याच आठवड्यात तिला मलेरियाच्या चाचणीसाठी लेकरांच्या बोटाला सुई टोचायला सांगितलं. ती वाणिज्य शाखेची! तिने स्पष्ट नकार दिला, ते बरंच केलं. पाठवणाऱ्या संस्थेने मात्र भरपूर शुल्क घेऊनही कसलंच प्रशिक्षण दिलं नव्हतं.

१९७० साली सुरू झालेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम शुल्क घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देतो. आपल्या मुलांना हे ठाऊकच नसतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आहे. तिने जाणाऱ्यांसाठी आठवडाभराचा तयारीवर्ग घ्यावा, तिथल्या भाषेची तोंडओळखही करून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे