इंजिन बंद पडण्याचे मूळ बहुधा पंपात नव्हे, टाकीत असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्टच्या सुरुवातीपासूनच इंजिन बंद पडून नौका भरकटल्याच्या बातम्या कोकणातील वृत्तपत्रांत दिसू लागतात. कारण म्हणून ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच छापलेले असते. मासेमारी नौकांच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय राहिला असल्याने या बिघाडाविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण त्याचा मोठा भाग इंधनपुरवठ्याशी निगडित असतो आणि नौका धक्क्याला असतानाच तो शोधता येतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा सोडते आणि ते पेट घेते. हे डिझेल टाकीतून कॉक, पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर, टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा फीड पंप आणि दुसरा बारीक फिल्टर या वाटेने इंजेक्शन पंपापर्यंत येते व तेथून पुढे मोठ्या दाबाने नोझलकडे जाते. इंजेक्शन पंपातील प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि त्याचे घर यांच्यातील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी इतकी सूक्ष्म असते. म्हणून तो पंप स्वच्छ कार्यशाळेत, चाचणी यंत्र असलेल्या कारागिरानेच उघडायला हवा. प्रत्यक्षात मात्र इंजिन कुरकुरू लागले की धक्क्यावरचा पहिला पाना याच पंपावर पडतो. नाखवाला मोठे बिल येते, पंपात नवी धूळ शिरते आणि मूळ दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या वाटेत जिथल्या तिथे राहतो.

बंदीच्या ६१ दिवसांत टाकीत काय घडते ते आधी पाहिले पाहिजे. नौका शाकारून ठेवली जाते आणि टाकी बहुतेक वेळा अर्धी रिकामी असते. रिकाम्या भागातील दमट हवेचे पाणी गार पत्र्यावर धरते, खाली उतरते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात बुरशी व जिवाणू वाढून काळसर, बुळबुळीत साका तयार होतो. बंदरात इंजिन चालवून पाहिले तर ते सुरेख चालते, कारण साका तळाशी निवांत असतो. नौका खाडीच्या तोंडाशी येऊन लाटांवर आपटू लागली की तळ ढवळला जातो, साका व गंज फिल्टरमध्ये जातात आणि जिथे इंजिनाची सर्वाधिक गरज असते नेमके तिथेच ते मान टाकते. अर्धवट भरलेली टाकी हा माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय आहे. बंदीपूर्वी एक तर ती काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करून, पुसून, सुकवून ठेवावी. हंगामाआधी तळाच्या कॉकमधून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवले, तर पाणी असल्यास खाली वेगळा थर दिसतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या टाक्या आणि पिंपेही टाळावीत, कारण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर तुंबवणारे घटक तयार होतात.

दुसरा दोष हवेचा, आणि त्यावरच सर्वाधिक वेळ वाया जातो. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर फीड पंप डिझेल वर ओढून घेतो आणि त्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. म्हणून तिथे कुठे फट असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. कुठेच गळती दिसत नसल्याने कारागीर ती बाजू निर्दोष समजतो आणि पुढे पंपाकडे वळतो. सकाळी इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते पण एकदा तापले की चालते, सुरू होऊन थोड्या वेळाने विझते, किंवा त्याचा वेग आपोआप कमीजास्त होत राहतो, ही हवा ओढल्याची लक्षणे आहेत. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दबलेले तांब्याचे वायसर, फिल्टरच्या वाटीचे जुने रबर, तडकलेली रबरी नळी आणि नुसत्या तारेने आवळलेले जोड ही नेहमीची ठिकाणे असतात. तांब्याचा वायसर एकदा दबला की नवाच घालावा. काही रुपयांच्या या वस्तूपायी नौका ओढून आणाव्या लागल्याचे मी पाहिले आहे.

दोष नेमका कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्याची एक सोपी चाचणी प्रत्येक तांडेलाला यायला हवी. स्वच्छ डिझेलचा एक कॅन इंजिनाजवळ पण थोडा उंचावर घट्ट बांधावा, फीड पंपाची टाकीकडून येणारी नळी सोडवावी आणि तिच्या जागी कॅनमधून डिझेलला चालणारी पारदर्शक नळी जोडावी. हवा काढून इंजिन भाराखाली चालवावे. ते नीट चालले तर पंप व नोझल ठीक आहेत आणि दोष टाकी, पहिला फिल्टर किंवा त्यांच्यामधल्या नळीत आहे. तरीही बंद पडले तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे शोधावा. टाकी पुन्हा जोडून तीच पारदर्शक नळी फीड पंपाच्या आधी बसवली, की बुडबुडे येत असल्यास ते डोळ्यांना दिसतात.

मंद वेगात ठीक, पण जाळे ओढताना दम नाही, ही तुंबलेल्या फिल्टरची खूण आहे. इंजिन काही वेळाने थांबते, थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालते आणि टाकीचे झाकण उघडताना हवा सूं करून आत जाते, असे झाल्यास टाकीची श्वासनळी (टाकीत बाहेरची हवा येऊ देणारी नळी) बुजलेली असते. क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या पेटीतील) ऑइलची पातळी आपोआप वाढून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता धरून इंजिन तत्काळ थांबवावे.

हवा काढताना क्रम पाळावा. प्रथम फिल्टरवरचा स्क्रू सैल करून डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारावा, बुडबुडे संपून सलग डिझेल येऊ लागले की ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा आणि मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूकडे जावे. चालू इंजिनाच्या नोझलच्या फवाऱ्यापुढे किंवा फुटलेल्या दाबाच्या नळीपुढे हात कधीही धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो आणि जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. ‘सारखा तुंबतो’ म्हणून पहिला फिल्टर काढून टाकून नळी थेट जोडण्याची जी रीत काही नौकांवर पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे; जो कचरा त्या फिल्टरने अडवला असता तोच पुढचा फिल्टर तुंबवतो आणि पाणी पंपाला गंजवते.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन शिकवणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे आणि तो उपयुक्तही आहे. परंतु नौकेवर पोट असलेला खलाशी सहा महिने सुट्टी घेऊ शकत नाही. म्हणून माझी विनंती अशी, की जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मिरकरवाडा, हर्णै, देवगड, सातपाटी यांसारख्या बंदरांत दोन दिवसांची प्रात्यक्षिक शिबिरे घ्यावीत. आपल्या अनेक नौकांवर नेपाळी खलाशी असतात आणि ते साधारण त्याच सुमारास गावाहून परततात, तेव्हा शिबिराची भाषा मराठीबरोबर हिंदीही असावी. नौकेच्या सुरक्षा तपासणीत लाइफ जॅकेटप्रमाणेच सुटा फिल्टर, वायसरांचा संच आणि पारदर्शक नळीचा तुकडा आहे की नाही हेही पाहिले जावे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या डिझेल पंपांनी हंगामाची पहिली विक्री करण्यापूर्वी, पाणी दाखवणारी पेस्ट लावलेली डिपपट्टी आपल्या भूमिगत टाकीत बुडवून नौकामालकांच्या देखत तपासणी करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंजिन कारागीर, रत्नागिरी