आमच्या एएमसीवाल्या (आर्मी मेडिकल कोअर, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय दलातल्या) आबांना जाहीर पत्र

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "ते राहू दे, जिना चढतोस का ते सांग" म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आणखी एक कारण आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. अशा मुलखात सुट्टीवर आलेल्या पोराचे पाय जीबीएसनं, म्हणजे गिलँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारानं, गळायला लागले, तर काय बघायचं हे घरच्यांना माहीत पाहिजे.

मी घरी पोचलो तेव्हा तळपायाला मुंग्या येत होत्या. रेल्वेत अवघडून बसलो असेन, असं सगळ्यांचं मत. मग कंबर धरली, मांड्यांतला जोर गेला. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन टोचून "जवान माणूस आहे, काही होत नाही" म्हणून परत पाठवलं. आईनं दृष्ट काढली. चुलत्यांना वाटलं, सुट्टी वाढवून घ्यायचा बेत आहे. त्यांना तरी काय बोलायचं? फौजेतसुद्धा पीटीला मागे पडणाऱ्याकडे आधी त्याच नजरेनं बघतात.

तुम्ही आलात ते उसाच्या पाण्याची पाळी विचारायला. मी मांडीवर हात टेकत उठलो आणि तुम्ही पाळीचं बोलणं अर्ध्यात सोडलंत. मला ओट्यावर पाय खाली सोडून बसवलंत आणि हाताच्या कडेनं गुडघ्याच्या वाटीखाली टोला दिलात. पाय हलला नाही. दुसरा पायही नाही. माझ्या पुतण्याला शेजारी बसवून तसाच टोला दिलात, तर त्याचा पाय टुणकन उडाला. तो हसला, तुम्ही नाही हसलात. मग मला म्हणालात, "दम भर आणि एका श्वासात आकडे म्हण." धडधाकट माणूस चाळीसच्या पुढे जातो. मी 19 वर अडकलो, म्हणजे श्वासाचा जोरही कमी पडायला लागला होता.

त्यानंतरचा तुमचा प्रश्न कोणीच विचारला नव्हता: "गेल्या महिन्यात जुलाब झाले होते का?"

झाले होते. सुट्टीच्या आधी फील्ड एक्सरसाइजला होतो. टँकरचं पाणी, घाईत शिजवलेलं लंगरचं, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातलं, चिकन. आमच्या सेक्शनमधल्या बहुतेकांना झाले. एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, ओआरएसची पाकिटं मिळाली, आणि आम्ही तो विषय विसरूनही गेलो.

जीबीएस हे नाव घरात नवं नव्हतं. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात रुग्ण सापडायला लागले, आकडा दोनशेच्या वर गेला, तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच होतं. पण ते पुण्याचं, पाण्याचं दुखणं. पाठीवर बोजा घेऊन पळणाऱ्या पोराला कसं होईल? तुम्ही मात्र वेळ घालवला नाहीत. युनिटला फोन लावायला लावलात, ऑक्सिजनची सोय असलेलीच गाडी मागवलीत आणि सुट्टीवरच्या जवानाला जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखल होता येतं हे वडिलांना दटावून सांगितलंत. खंबाटकीच्या घाटात पुन्हा आकडे म्हणायला लावले, तेव्हा 14 च्या पुढे जाता येईना. तुम्ही ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारलीत, तेवढंच.

पुण्यात लष्कराच्या कमांड हॉस्पिटलला त्याच रात्री गिळणं बिघडलं, आवाज बसला आणि मला व्हेंटिलेटरवर घेतलं. दर शंभरांत वीस-तीस जणांना तो लागतो म्हणे. गावात असतो तर? असो.

पाठीतलं पाणी काढलं तर त्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीइतक्याच. या आजाराची ही जुनी खूण. 1916 मध्ये गिलँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी ती पहिल्यांदा टिपली, तीही आजारी पडलेल्या दोन सैनिकांत. मग इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, सुरू झालं, पाच दिवस. माझं वजन 70 किलो, म्हणजे रोज 28 ग्रॅम. हे औषध हजारो लोकांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनतं. आबा, तुमचे आभार मानून होतील. त्या हजारो माणसांचे कुठे मानू? एक नातेवाईक स्टिरॉइडसाठी हट्ट धरून बसले होते. त्याचा या आजारात उपयोग नाही, हे त्यांना तुम्हीच पटवलंत.

पुढे तुम्ही भेटायला आलात तेव्हा मी एकच विचारलं होतं: एकाच डेगचीतलं सगळ्यांनी खाल्लं, मग मीच का? तुम्ही सांगितलेलं इथे लिहून ठेवतो. कच्चट चिकन, न तापवलेलं दूध, घाण पाणी यांतून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो. त्याच्या वरच्या आवरणाची ठेवण आपल्या नसांवरच्या काही रेणूंसारखी असते. वर्दी सारखी दिसली म्हणून आपल्याच माणसावर गोळी झाडावी, तसं शरीर जंतूसोबत नसांनाही मारत सुटतं. तरीही हा संसर्ग झालेल्या हजारांत साधारण एकालाच जीबीएस होतो. ज्यांना होतो त्यांतल्या दोन तृतीयांशांना आधीच्या काही आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकल्यासारखा संसर्ग झालेला असतो. एरवी लाखात वर्षाला एक-दोन रुग्ण, त्यांत पुरुष थोडे जास्त. जवानाच्या बाबतीत हे सगळं एकत्र येतं: एकच लंगर, एकच बराक, बदलीगणिक नवं पाणी. अमेरिकी फौजेच्या नोंदी तपासल्या तेव्हाही पोटाच्या संसर्गानंतर हा धोका वाढलेला दिसला. कष्टानं किंवा पळण्यानं हा आजार होतो, असं कुठे दिसलेलं नाही. चुलते, वाचताय ना?

लसीचंही लिहितो, कारण माझं ऐकून युनिटमधले दोघं-तिघं फ्लूच्या सुईला घाबरायला लागले. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली, तेव्हा लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण दिसला आणि मोहीम थांबवली. आताच्या फ्लूच्या लसीत धोका दिसलाच तर दहा लाखांमागे एक-दोनचा, आणि खुद्द फ्लू झाल्यानंतरचा त्याहून मोठा. मुलांनो, सुई घ्या. मला मात्र पुढची कुठलीही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यायचीय.

सहा महिन्यांत दहातले आठ जण आधाराशिवाय चालतात, त्या आठांत मी आहे. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतली तब्येतीची श्रेणी, खाली आली, सध्या स्टोअरमध्ये बसवलंय. संध्याकाळी पाय जड होतात. बुटाची नाडी बांधता येते, पण बोटांना वेळ लागतो.

तुमच्या बीपीच्या यंत्राचा पट्टा उसवलाय, हे मागच्या वेळी बघितलं. नवा घेऊन ठेवलाय. दिवाळीत येतो तेव्हा आणतो, आणि पैसे विचारायचे नाहीत.

आपला,
खालच्या आळीचा नाईक